भिसे खिंड, तिसरा गिअर

जुईचा फोन आला तेव्हा माझी अर्धी दाढी झाली होती. जुई म्हणजे माझ्या साडूची, सुधाकरची, एकुलती एक मुलगी. "काका, बाबा सकाळी कारखान्यात..." एवढंच ती बोलली. पुढचं तिला बोलता आलं नाही आणि मला विचारता आलं नाही. तोंड पुसून मी आणि माझी बायको मंदा तसेच रोहा स्टेशनवर गेलो आणि पेणला जाणारी गाडी धरली. खरं तर रस्त्याने लवकर पोचलो असतो, शेजारी गाडी काढायला तयार होते. पण रस्त्याने गेलो असतो तर भिसे खिंड लागली असती, आणि त्या दिवशी ती खिंड बघायची माझी तयारी नव्हती. कासू स्टेशन आलं तेव्हा मंदाने माझ्याकडे नीट पाहिलं आणि हळूच म्हणाली, "अहो, एक गाल राहिलाय." मग ती रडायला लागली. सख्ख्या बहिणीचा नवरा गेला होता तिच्या, आणि तोवर तिला रडायला सवड मिळाली नव्हती.

आधीच्या रविवारी सुधाकर आमच्याकडे रोह्याला येऊन गेला होता. दारात गाडी उभी केली, इंजिन चालूच ठेवलं आणि खिडकीतून म्हणाला, "मास्तर, कार्बोरेटरचा जेट बदललाय. घड्याळ घ्या, खिंडीत एक फेरी मारून येऊ." मी शाळेत पदार्थविज्ञान शिकवायचो. निवृत्त होऊन कैक वर्षं झाली, तरी त्याच्या तोंडी मी मास्तरच राहिलो. ऊन कडक होतं, गुडघा ठणकत होता. म्हटलं, "आज नको रे. पुढच्या रविवारी जाऊ." तो बरं म्हणाला, इंजिन बंद करून आत आला, चहा घेतला, मंदाने दिलेले वाल पिशवीत टाकले आणि गेला. तीस वर्षं मी ह्या माणसाला आधी नाही म्हणत आलो आणि शेवटी त्याच्याबरोबर जात आलो. एकदाच नाही म्हटलं आणि खरोखर गेलो नाही. ह्याची टोचणी आता सुटेल असं वाटत नाही.

साडू हे आपल्याकडे चेष्टेचं नातं. दोघं एकाच घरचे जावई, त्यामुळे एकमेकांची फजिती बघायचा हक्क असतो. आमचे सासरे, अण्णा, कुंडलिकेच्या पलीकडे अष्टमीला राहायचे. भात आणि वाल पिकवणारा, उंचापुरा, भारी अंगाचा माणूस. बोलायचे मोजकं, आणि जावयांना अहोजाहो करून बोलायचे. त्यांची थोरली मंदा मला दिली आणि धाकटी नलू पेणला सुधाकरला. मी पगारदार आणि सुधाकर गणपतीच्या कारखान्यातला कारागीर, म्हणून सुरुवातीला मी जरा तोऱ्यातच असायचो, हे आता कबूल करायला हरकत नाही. पेणच्या कारखान्यात त्याचं काम होतं सांधे काढायचं. साच्यातून मूर्ती निघाली की दोन अर्धे भाग जुळतात तिथे एक बारीक रेघ उभी राहते. ती पॉलिश पेपरने घासून अशी नाहीशी करायची की बोटालाही कळू नये. डोळे आखणारे कारागीर वेगळे, त्यांचं नाव व्हायचं. सुधाकरचं काम चांगलं झालं की दिसायचंच नाही. तो डोळे मिटून मूर्तीच्या पोटावरून बोट फिरवायचा आणि म्हणायचा, "हाय अजून." मला काही दिसायचं नाही.

नव्वदीच्या सुरुवातीला त्याने जुनी गाडी घेतली. आठशे सीसीची, पांढरी, चार गिअरची. त्या काळी निम्म्या मध्यमवर्गाकडे असायची तीच. आमच्या सासरच्या गोतावळ्यातली ती पहिली गाडी. गाडी घेतल्यावर महिन्याभरातच तो अण्णांना, सासूबाईंना आणि मंदाला पेणला चार दिवस राहायला घेऊन गेला, आणि परत सोडायला येताना नलू आणि मंदा दोघी मागे, अण्णा पुढे, सासूबाई मागच्या दोघींच्या मध्ये, आणि डिकीत नलूने आईला दिलेलं काय काय. नागोठण्यापर्यंत सगळं छान झालं. नागोठणं सोडून रोह्याकडे वळलं की भिसे खिंड लागते. खिंडीच्या मध्यावर गाडी दमली. दुसऱ्यातून पहिल्यात आली, पहिल्यातही हुंदके द्यायला लागली आणि मग चक्क मागे सरकायला लागली. सुधाकरने हँडब्रेक ओढला. कोणी काही बोलायच्या आत अण्णा दार उघडून उतरले. त्यांच्यामागून सासूबाई आणि दोघी बहिणी. रिकामी गाडी घरघरत वर गेली आणि चौघं धोतर-लुगडी सावरत पायी चढली. नेमकी त्याच वेळी रोह्याकडे जाणारी एसटी मागून आली. तिच्या खिडक्यांत अष्टमीची ओळखीची तोंडं होती. दुसऱ्या दिवशी पारावर कोणीतरी विचारलंच, "काय अण्णा, जावयाची गाडी चालत आणलीत?"

अण्णा हसले म्हणे. घरी येऊन सुधाकरला एका शब्दाने बोलले नाहीत. पण पुढच्या वेळी तो न्यायला आला तेव्हा पायात चपला घालता घालता म्हणाले, "सुधाकरराव, तुमी हिला घेऊन पुढं व्हा. मी एसटीनं येतो. खिडकीची सीट मिळते." त्याच्या पुढच्या वेळीही एसटी. मग सगळ्यांनाच कळलं की हे असंच राहणार. रागाने बोलले असते तर सुधाकर हात जोडून मोकळा झाला असता. पण खिडकीच्या सीटचं काय उत्तर देणार? एका संध्याकाळी तो माझ्या घरी आला, ओट्यावर बसला आणि मला म्हणाला, "मास्तर, ही गाडी मी खिंडीतनं तिसऱ्या गिअरात चढवणार. अण्णा पुढं बसलेले, आई मागं, दोघी बहिणी मागं. तिसऱ्यात." मी हसलो. म्हटलं, नवी मोठी गाडी घे. तो म्हणाला, "नाय. हीच. हिच्यातनं उतरले, हिच्यातच बसवायचे." बस, एवढीच ती गोष्ट. बाकी सगळं त्या एका हट्टापायी.

गाडीतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. मला पुस्तकातलं कळत होतं, म्हणजे तेवढंच. रामवाडीला हायवेच्या कडेला करीमभाईंचं गॅरेज होतं, तिथे तो सुट्टीच्या दिवशी जाऊन बसायला लागला. करीमभाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "सुधाकर, आधी हाय ते नीट कर. प्लग बदल, तेल बदल, क्लच घाल, ब्रेक बग. मंग ताकद वाढवायचं बोल." नवशिक्या माणसाला असला सल्ला आवडत नाही. त्याला आवडला नाही. त्याने कुठल्याशा मासिकात वाचलं होतं की गाडी हलकी केली की पिकअप वाढतो. म्हणून त्याने मागची सीट काढली, स्टेपनी काढली, जॅक काढला, दारांच्या आतले पुठ्ठेसुद्धा काढले. मला घेऊन खिंडीत गेला. गाडी चढली की हो, चांगली भरभर चढली! वर जाऊन तो विजयी मुद्रेने माझ्याकडे बघायला लागला. मी विचारलं, "आई आणि दोघी बहिणी कुठे बसणार?" दुसऱ्या दिवशी त्याने सगळं परत जागेवर बसवलं.

पण त्याहून मोठा घोळ पुढचा, आणि तो पेणच्याच माणसाने करावा असा होता. त्याला कोणीतरी पटवलं की इंजिनाला थंड हवा जास्त मिळाली तर ताकद वाढते. हे बरोबर आहे. पुढच्या जाळीपासून कार्बोरेटरपर्यंत एक वळणदार नळी पाहिजे. एखाद्याने पत्र्याची करून घेतली असती. सुधाकरने साचा केला! दोन भागांचा साचा, त्यात प्लास्टर ऑफ पॅरिस, मजबुतीला काथ्या, मूर्तीला घालतात तसाच. सांधा घासून घासून नाहीसा केला, आतून-बाहेरून रंगाचा हात दिला. दिसायला ती नळी इतकी देखणी होती की मी, पदार्थविज्ञानाचा मास्तर, हातात घेऊन वा म्हणालो. प्लास्टर दमट हवेत काय करतं हे मला ठाऊक होतं. पण तेव्हा ते डोक्यात आलंच नाही. श्रावणातली एक सकाळ, हवा ओली, आम्ही दोघं आणि मागे मंदा. खिंडीत इंजिनाचा थरथराट वाढला तशी नळी आतून सुटायला लागली आणि इंजिनाने तो सगळा चुरा ओढून घेतला. जिथे अण्णा उतरले होते बरोबर तिथेच गाडी खोकून बंद पडली. बॉनेट उघडलं तर आत पांढरा चिखल. मागून एसटी आली आणि आम्ही तिघं, काही न ठरवता, रस्त्याकडे पाठ करून उभे राहिलो.

करीमभाईंनी कार्बोरेटर सोडवला, तारेने एकेक भोक साफ केलं आणि मान हलवत म्हणाले, "अरे, हिचं बी विसर्जन करायचं होतं काय?" सुधाकर हसला नाही. मग अगदी शहाण्या विद्यार्थ्यासारखा म्हणाला, "भाय, पहिल्यापासनं सांगा." तिथून खरं शिक्षण सुरू झालं. आधी क्लच, मग ब्रेक, मग प्लग. चार महिने त्याने ताकदीचं नाव काढलं नाही. गाडी नुसती नीट झाली तशी ती दुसऱ्या गिअरमध्ये खिंड चढायला लागली. मी म्हटलं, झालं की. तो म्हणाला, "दुसऱ्यात एसटी बी चढते."

ह्यापुढचं जे काम त्याने केलं ते मात्र मी जन्मात विसरणार नाही. करीमभाईंनी हेड उतरवलं. इंजिनाच्या वरच्या भागाला हेड म्हणतात, तिथेच हवा-पेट्रोल येतं आणि पेटतं. हवा ज्या वाटेने आत येते ती वाट गाडीच्या कारखान्यातून आलेली असते तशीच, खडबडीत, मध्ये ओतकामाचा सांधा. करीमभाई म्हणाले की ती वाट आतून गुळगुळीत केली तर इंजिनाचा श्वास मोकळा होतो, पण हाताने करावं लागतं आणि एवढा धीर कोणाला नसतो. सुधाकरने त्या भोकात बोट घातलं, डोळे मिटले, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आधी फक्त कारखान्यात पाहिलं होतं. "मास्तर," तो म्हणाला, "सांधा हाय." पुढचे सात-आठ रविवार तो पॉलिश पेपर काडीला गुंडाळून ती वाट घासत बसला. आधी जाड पेपर, मग बारीक, मग पाण्यातला. नलू एकदा वैतागून म्हणाली, "ह्या लोखंडाला एवढं घासताय, एकदा माझी कढई घासा." त्याने कढईसुद्धा घासून दिली.

मग आला माझा गुन्हा. तिन्ही सिलिंडरच्या वरची पोकळी सारखी पाहिजे, नाहीतर इंजिन अडखळतं. ती मोजायची कशी? मी शाळेच्या प्रयोगशाळेतून ब्युरेट आणली. ब्युरेट म्हणजे आकडे कोरलेली उभी काचेची नळी, थेंबाथेंबाने द्रव सोडायची. त्यात रॉकेल भरलं आणि आम्ही दोघं पेणच्या त्याच्या पडवीत, हेड उलटं ठेवून, एकेक पोकळी भरत बसलो. मी आकडा वाचायचा, त्याने नळी उघडायची-मिटायची. मधली पोकळी किंचित लहान निघाली. मी म्हटलं, चालेल, एवढा फरक प्रयोगात धरत नाहीत. तो म्हणाला, "तुमच्या प्रयोगात नसतील धरत. अण्णा बसायचेत." आणि परत पेपर घेऊन बसला. संध्याकाळी तिन्हीत एका थेंबाचाही फरक राहिला नव्हता. ब्युरेट मी सोमवारी जागेवर ठेवली. पुढचं वर्षभर तिला रॉकेलचा वास येत होता आणि मी वर्गाला गंभीरपणे सांगत होतो की हा वास जुन्या रसायनांचा आहे.

गाडी परत जुळली तशा चाचण्या सुरू झाल्या. शाळेचं खेळाच्या स्पर्धांचं चावीचं घड्याळ माझ्याकडे असायचं, तेच पुढे माझ्याबरोबर निवृत्त झालं. खिंडीच्या पायथ्याच्या मैलाच्या दगडापासून वरच्या पांढऱ्या कठड्यापर्यंत वेळ मोजायचा. दर वेळी माणसं कुठून आणणार, म्हणून सुधाकरने कारखान्यातली प्लास्टरची पोती भरली. वजनं माहीत असलेली. पुढच्या सीटवर अण्णा, म्हणजे तीन पोती. मागे सासूबाई दोन, मंदा अडीच. हा आकडा मंदापर्यंत कधी पोचला नाही, आता पोचेल. अण्णांच्या पोत्यांना पट्ट्याने बांधायचा, वळणावर कलू नयेत म्हणून. मी मागे, मंदाच्या पोत्यांशेजारी, मांडीवर वही. दगड जवळ आला की तो आरशात न बघता विचारायचा, "दाबलंत का मास्तर?" आणि मी दर वेळी उशिरा दाबायचो. त्यावरून तो मला इतका बोललाय की विचारू नका. जुई जरा मोठी झाल्यावर तीही बरोबर यायला लागली, मागे माझ्या आणि पोत्यांच्या मध्ये बसून आमची भांडणं ऐकायला.

अडीच-तीन वर्षं लागली सगळी मिळून. एका रविवारी, दगडाच्या आधी त्याने वेग घेतला, तिसरा टाकला आणि हात गिअरवरून काढून स्टिअरिंगवर ठेवला. तो हात परत गिअरकडे गेलाच नाही. अण्णांची तीन पोती, सासूबाई, मंदा, नलूच्या जागी मी, सगळ्यांना घेऊन गाडी कठड्यापर्यंत तिसऱ्यात गेली. वर पोचल्यावर त्याने गाडी कडेला घेतली, उतरला आणि रस्त्याकडे पाठ करून उभा राहिला. मला वाटलं लघवीला गेला. तो रडत होता. मी घड्याळ थांबवायला विसरलो होतो, पण त्या दिवशी त्याने काही म्हटलं नाही. घरी आल्यावर वहीत नवीन पानावर त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलं, "अण्णा बसलेले", आणि पुढे गिअर आणि सेकंद ह्यांच्या जागा मोकळ्या ठेवल्या.

अण्णा बसेनात. "एसटी बरी," ठरलेलं वाक्य. मी दोनदा सुधाकरला म्हटलं, मी सांगतो त्यांना, थोरला जावई आहे, ऐकतील. तो म्हणाला, "सांगून नाय. बसवूनच." आणि मग एका वर्षी ते आपण होऊन म्हणाले. त्यांच्या घरचा गणपती शाडूचा, तो दर वर्षी पेणहून ते स्वतः आणायचे. मांडीवर घेऊन, एसटीच्या खिडकीच्या सीटवर. मूर्ती सीटवर ठेवायची नाही, दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही, ही त्यांच्या घरची रीत. त्या वर्षी गुडघे फार धरले होते. मूर्ती घेऊन एसटीची पायरी चढवेना. पेणच्या स्टँडवरून परत कारखान्यात आले आणि म्हणाले, "सुधाकरराव, गाडी काढा."

मी आणि मंदा त्या दिवशी पेणलाच होतो. नलूही निघाली. अण्णा पुढे, मांडीवर मूर्ती. जागा तीच, वजन तेच, सासूबाईंच्या ऐवजी मी, म्हटलं आज वहीतली ओळ भरणार. पण एक गोष्ट मी विसरलो होतो आणि सुधाकर विसरला नव्हता. शाडूची मूर्ती भाजलेली नसते. एक हिसका बसला तर बोट जातं, सोंडेला तडा जातो. कारखान्यातला माणूस तो. मांडीवर मूर्ती असली की वीसच्या वर नाय, हा त्याचा नेम. तिसऱ्यात खिंड चढायची तर पायथ्याशीच वेग घ्यावा लागतो आणि पहिल्याच वळणावर अंग एका बाजूला जातं. दगड आला. मी मागून आरशात त्याच्याकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं, मान किंचित हलवली, नाही अशी, आणि दुसरा टाकला. बैलगाडीच्या चालीने आम्ही खिंड चढलो. अर्ध्यावर अण्णा म्हणाले, "अजून दमतेच का हो ही?" सुधाकर म्हणाला, "व्हय अण्णा. जुनी हाय." माझ्या जिभेवर आलं होतं. मंदाने माझा हात दाबला.

त्यानंतर अण्णा दर वर्षी त्या गाडीतून आले. पण फक्त गणपतीच्या दिवशी, मांडीवर मूर्ती असताना. एरवी एसटी. पाच वर्षं ती गाडी त्यांना घेऊन दुसऱ्यात चढली, आणि दर वर्षी सुधाकर म्हणाला, जुनी हाय. मग एका हिवाळ्यात अण्णा गेले. दिवस झाल्यावर आम्ही दोघं नदीवर बसलो होतो, तेव्हा तो म्हणाला, "मास्तर, गाडी चढत नाय असं समजूनच गेले ते." मी म्हटलं, "मूर्ती तर कधी दुखावली नाही ना?" तो म्हणाला, "नाय. ती नाय दुखावली." एका वाक्याचं काम होतं माझं. एका चहाच्या वेळी, अण्णांच्या ओट्यावर बसून, मला ते सांगता आलं असतं. सुधाकरने नको म्हटलं म्हणून मी गप्प राहिलो असं मी स्वतःला सांगत आलो, पण खरं म्हणजे मला दोघांच्या मध्ये पडायचं नव्हतं. भिडस्तपणा हा काही गुण नाही, हे मला फार उशिरा कळलं.

दाखवायला कोणी उरलं नाही तरी त्याने गाडी सोडली नाही. जुई नोकरीला लागली, तिने बाबांना नवीन गाडी घेऊ म्हटलं, तो हसला. पावसाळ्याआधी खालचा पत्रा गंजाला द्यायचा नाही म्हणून तो गाडीखाली पडून असायचा, आणि दर काही महिन्यांनी काहीतरी इवलंसं बदलून रोह्याला यायचा. "मास्तर, घड्याळ घ्या." कधी दोन सेकंद कमी व्हायचे, कधी एक वाढायचा, कधी काही फरकच नाही. कशासाठी, हे मी त्याला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तो कदाचित थांबला असता, आणि ते मलाही नको होतं.

अस्थी कुंडलिकेतच सोडायच्या असं नलूने ठरवलं. "त्यांचा सगळा जीव ह्या रस्त्यावर," एवढंच म्हणाली. मी आणि मंदा पेणलाच थांबलो होतो. मधे एकदा कपडे न्यायला रोह्याला गेलो तेव्हा टेबलावरचं घड्याळ मी खिशात घातलं होतं. कशाला, ते माझं मलाच सांगता आलं नसतं. गाडी जुईने काढली, ती त्याच गाडीवर शिकली आहे. मागे नलू आणि मंदा. पुढे मी, अण्णांच्या जागेवर, मांडीवर लाल फडक्यात बांधलेलं मडकं. वडखळ गेलं, नागोठणं आलं. नागोठणं सोडल्यावर माझ्या लक्षात आलं की जुई वीसच्या वर जात नाहीये. मागचे ट्रक हॉर्न देऊन पुढे जात होते आणि ती शांतपणे डाव्या कडेने चालवत होती. तिला हे कोणी सांगितलं नव्हतं.

दूरवर दगड दिसायला लागला तसं मी म्हटलं, "जुई, वेग घे. तिसऱ्यात चढव."

ती म्हणाली, "काका, मांडीवर बाबा आहेत."

"माहीत आहे. मी धरलंय घट्ट. तू तिसरा टाक."

तिने एकदा माझ्याकडे बघितलं. मग गाडीचा आवाज बदलला. तो आवाज मी तीस वर्षं ओळखतो. दगड जवळ आला आणि रस्त्यावरची नजर न काढता ती म्हणाली, "दाबलंत का, काका?" एका हाताने मडकं पोटाशी धरून मी दुसऱ्याने खिशातलं घड्याळ दाबलं. उशिराच दाबलं असणार. पहिलं वळण, दुसरं वळण, तिचा हात स्टिअरिंगवरच होता. अण्णा उतरले होते ती जागा मागे गेली. मला पुढचं नीट दिसत नव्हतं. कठडा मागे पडला तेव्हा नलूने मागून विचारलं, "चढली का गो?"

"चढली, आई," जुई म्हणाली.

नदीवर सगळं झाल्यावर, पाय धुताना, खिशात काहीतरी टिकटिकतंय असं वाटलं. घड्याळ थांबवायचं राहूनच गेलं होतं. मग मीही ते थांबवलं नाही. रात्री कधीतरी चावी संपून ते आपोआप बंद पडलं. वहीत अण्णांची ओळ तशीच मोकळी आहे आणि आता तशीच राहील. तिच्याखाली मी सुधाकरचं नाव लिहिलंय, पुढे गिअर तिसरा. सेकंदांची जागा मात्र रिकामी आहे. त्याने ते खपवून घेतलं नसतं. ह्या रविवारी जुई गाडी घेऊन येणार आहे. घड्याळाला मी आजच चावी देऊन ठेवली आहे.